डाव्या बाजूचा घोडा

तबेल्यात तिला सगळे सांडूबाई म्हणायचे, आणि उगाच नाही. बादली उचलली की पाणी सांडणार, चहा आणला की तो बशीत, दाणा ओतायला गेली की अर्धा जमिनीवर. एवढी घोडी झाली तरी हाताला वळण नाही, असं मालकीणबाई येता-जाता ऐकवायच्या. पण घोडे मात्र हिच्यावर जीव टाकायचे, आता याला काय म्हणाल?

लीद काढण्यात तिची उमेद चालली होती. तिला स्वार व्हायचं होतं, रीतसर, पगारावरची. शेवटी मालकीणबाईंनी एक काम अंगावर टाकलं. नव्या काळ्या घोड्याला जुन्या घोडीच्या जोडीने चालायला शिकवायचं. आपण बसायचं घोडीवर, काळ्याची दोरी हातात धरायची आणि त्याने रिकाम्या पाठीने निमूट शेजारून यायचं. शनिवारी तबेल्यात घोडे शिकवणारे उस्ताद त्याला असंच नेऊन बघणार होते. जमलं तर स्वार, नाही तर फावडं आहेच.

दुपारी सगळे आडवे झाले की सांडूबाई त्याला मागच्या मैदानात न्यायची. तो अडला की दोरी नुसती धरून ठेवायची, त्याने एक पाऊल पुढे टाकलं की लगेच सैल सोडायची. घोडीने सुरुवातीला दात दाखवले, मग तिनेही नाद सोडला. हळूहळू काळा असा चालायला लागला की हातात दोरी आहे हेसुद्धा विसरावं. आणि नवल म्हणजे तिथे तिच्या हातून काहीच निसटत नव्हतं.

शनिवारी उस्तादांनी दोरी घेतली आणि काळ्याने जो तमाशा मांडला, विचारू नका. मागे सरला, गोल फिरला, घोडीच्या मागून पलीकडे घुसला, दोरी उस्तादांच्या पाठीला गुंडाळली. सांडूबाईच्या तोंडचं पाणी पळालं. हाच का तो घोडा? काल तर गाईसारखा होता! मालकीणबाई म्हणाल्या, सोमवारी शेवटचं बघते, आणि तरातरा निघून गेल्या.

उस्तादांनी तिलाच घोडीवर बसवलं. काळा शहाण्यासारखा चालायला लागला. उस्तादांनी एक फेरी पाहिली, आणखी एक पाहिली आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

"अगं, दोरी कुठल्या हातात आहे तुझ्या?"

तिने खाली पाहिलं. डाव्या. घोडाही डावीकडे. इथे तर सगळे उजवीकडे घेऊन चालतात.

"डावरी आहेस तू," उस्ताद म्हणाले.

छे, काहीतरीच! ती लिहायची उजव्या हाताने, जेवायची उजव्या हाताने. पण घरी जाईपर्यंत ती आपल्या दोन्ही हातांकडे आळीपाळीने बघत राहिली, परक्याचे असावेत तशी.

आई बटाटे सोलत होती. तिने विचारलं तर आईने मानही वर केली नाही. "होतीस लहानपणी. मोजा चढवून बांधून ठेवायचो तो हात. रडायचीस, मग विसरलीस." एवढं बोलून आईने पुढचा बटाटा घेतला. सांडूबाईला राग आला होता की रडू, तिचं तिलाच कळेना. म्हणजे आजवर सांडलं ते सगळं काय होतं?

रविवारी तिने दोरी उजव्या हातात घेऊन काळ्याला उजवीकडे उभं केलं. तो थरथरला. एक कान पुढे, एक मागे करून तिच्याकडे बघत राहिला, आपलं काय चुकलं ते न कळल्यासारखा. काल शिकवलं ते आज चूक कसं? जोर लावून सोमवारपर्यंत कसंबसं करून घेता आलं असतं. तिने दोरी सैल सोडली.

सोमवारी तिने मालकीणबाईंना सरळ सांगितलं, "डावीकडून तो आजही येईल. उजवीकडून शिकवीन सावकाश. पण त्याची डावी बाजू मी मोडणार नाही. मग मला ठेवा, नाही तर नका ठेवू."

उस्तादांनी दोरी डाव्या हातात घेतली. काळा मजेत निघाला, पण उस्तादांचेच हात घोटाळले, लगाम सुटला, टोपी पडली. मालकीणबाईंनी हसू दाबलं आणि सांडूबाईला म्हणाल्या, ते फावडं ठेव आता कोपऱ्यात.

संध्याकाळी तिने आईसमोर बसून सुरी डाव्या हातात घेतली. फटका मारायला आईचा हात सवयीने पुढे आला आणि मधेच थांबला. मग आईने बटाट्यांचं ताट तिच्या डाव्या बाजूला सरकवलं.