दुसऱ्या बारीला डेल्सी

तारकर्लीची डेल्सी मुंबईला विद्यापीठात शिकायला गेली आणि तिथे वाद्यांशिवाय जॅझ गाणाऱ्या पाच जणांच्या ग्रुपमध्ये घुसली, ही बातमी वाडीत पोचली तेव्हा डेल्सीपेक्षा वाद्यांचीच चौकशी जास्त झाली.

"एवढ्या मोठ्या कॉलेजात एक पेटी मिळाक नाय?" शेजारच्या काशीबाईने विचारलं. काशीबाईने विचारलं म्हणजे सगळ्या वाडीने विचारलं.

डेल्सीला सलत होतं ते वेगळंच. जॅझच्या गाण्यात मधे एक जागा मोकळी सोडतात. तिथे आयत्या वेळी सुचेल ते गायचं. डेल्सी ते घरून पाठ करून यायची, आणि ग्रुप चालवणारा लिओन हे पुरतं ओळखून होता.

"दर वेळी तेच. श्वाससुद्धा त्याच ठिकाणी," तो म्हणाला होता. "काही नवं सुचलं तर बघ, नाहीतर गोव्याच्या स्पर्धेत ती जागा आपली सलोनी गाईल."

सुट्टीत डेल्सीने सगळ्या ग्रुपला घरी आणलं. मासे खाऊन मंडळी सुस्तावली होती, तेवढ्यात देवळाच्या कमिटीतला सुदेश दारात. संध्याकाळी डबल बारी होती, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना. एकाने गाण्यातून चिमटा काढायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच परतवायचा. सत्यवानबुवा येऊन बसले होते आणि समोरच्या बुवांची गाडी फोंडाघाटात बंद पडली होती.

"डेल्सी, दुसऱ्या बारयेक तुमीच बसा गो. लोकां जमली आसत."

लिओन नको म्हणायला तोंड उघडतोय तोवर डेल्सी हो म्हणून मोकळी झाली होती.

यांचं पहिलं गाणं मंडपाने पाहुण्यांचं म्हणून गोड मानून घेतलं. मग सत्यवानबुवांनी लांब सूर लावला: "पखवाज खंय गो बाये, पेटी खंय? तोंडानच ढोल वाजयतंस, दात शाबूत रवतले काय?"

मंडप खदखदला आणि माना डेल्सीकडे वळल्या. बारीत गप्प बसला तो हरला. पाठ केलेलं इथे कुचकामी होतं, कारण त्यात बुवा कुठेच नव्हते. डेल्सीने बुवांचीच चाल उचलली, शब्द टाकून दिले आणि नुसत्या 'दू-बा, दाबा-दू'वर ती पार उलटीपालटी केली. मधेच बुवांसारखा घसा खाकरला, त्यांच्यासारखीच मान वेळावली, आणि शेवटी सूर उंच टांगून, तो उतरवायचं काम बुवांवर सोडून हात जोडून बसली. शब्द एकही नाही, पण चिमटा कुणाला बसला ते काशीबाईला बरोबर कळलं. पहिली टाळी तिचीच.

"चेडू आयकता आनी फिरयता," बुवा डेल्सीकडे बोट करून पखवाजवाल्याला म्हणाले, आणि टांगलेला सूर उतरवून त्यांनी पुन्हा तिच्यावरच टाकला. मग चांगली जुंपली. मागे ठेका धरणाऱ्या लिओनला हसू आवरेना.

घरी परतताना तो म्हणाला, "गोव्याला तूच गा. अगदी आजचंच."

"आजचं मला काही आठवत नाही," डेल्सी म्हणाली.

"मग तिथे काय करणार?"

"समोर कोण बसलंय ते आधी बघीन."

"मी नाही हं बसणार समोर," सलोनी मागून म्हणाली.