हौशी सभेला गेली

शालूबाईचा आवाज म्हणजे काय विचारता! मंगळवार पेठेच्या चौकात तिनं "दूऽऽध" अशी हाळी दिली की तालमीतले पैलवान बैठका अर्ध्यात टाकून पेले हुडकायला लागायचे. नवरा आकाराम म्हणायचा, "देवानं हिला सगळं घालून धाडलं, सायलेन्सर तेवढा ऱ्हायला बघा." त्यावर ती डोळे वटारायची, पण जेवताना त्याच्याच ताटात साय जास्त पडायची.

बाई गडमुडशिंगीची. लग्न होऊन आली ती माहेरची एक रेडी घेऊनच, आणि पुढं पंचवीस वर्षं रोज संध्याकाळी चौकातल्या दूध कट्ट्यावर म्हैस घेऊन उभी राहिली. कोल्हापूरची तऱ्हाच न्यारी. गिऱ्हाईक पेला पुढं करणार, धार थेट पेल्यात पडणार, आणि ओठावर फेस आल्याशिवाय माणूस घरी जाणार नाही. पाणी घातलंय काय, हा प्रश्नच नको. आता कट्ट्यावर उभी असायची ती हौशी, त्या पहिल्या रेडीची नात.

हौशीला आणखी एक वळण होतं. दिवाळी पाडव्याला इथं म्हशी सजवून पळवतात. मालक पुढं फटफटीवर, म्हैस मागं. गर्दीत म्हशीला आवाज कळावा म्हणून गाडीचा सायलेन्सर काढून ठेवतात. आकारामनं हौशीला लहानपणीच शिकवलेलं, आधी गाडी धडधडणार, मग सरकी पेंड मिळणार. त्यामुळं तो आवाज कानावर आला की हौशी असेल तिथून मागं निघायची, आणि गाडी थांबली की गपकन थांबायची.

सत्त्याण्णव साली चौकात एक मोकाट जनावर आडवं आलं आणि एका स्कूटरवाल्याचा पाय मोडला. जनावर कट्ट्यावरचं नव्हतं, तरी शालूबाईनं आठवडाभर त्याच्या घरी दूध पोचवलं. गाड्या वाढल्यात हे तिलाही दिसत होतं. पण महापालिकेपुढं ठराव आला तो सरसकट: लोकांच्या सुरक्षेसाठी शहरातल्या चौकांत जनावर आणायला बंदी. आणि मांडणारा कोण, तर ज्ञानू! पेठेचा नवा नगरसेवक, आणि ह्याच कट्ट्याच्या दुधावर पोसलेला गडी.

शालूबाईनं त्याला भर चौकात गाठलं. "ज्ञान्या, कट्टा गेला तर मी काय घरात बसून भित्तीला हाळ्या मारू व्हय रं?"

"मावशी, उद्या कुणाचा जीव गेला तर? मग मी काय तोंड दाखवू?"

ज्ञानूचं खोटं नव्हतं, आणि तेच तर शालूबाईला सोसेना. त्या संध्याकाळी तिची हाळी तालमीपर्यंतसुद्धा पोचली नाही. पैलवान आपणहून विचारायला आले, "मावशी, बरं न्हाई व्हय?"

सभेच्या दिवशी ती दुपारीच कट्ट्यावर आली. शेवटचा दिवस असला तर असू दे, पोटभर उभं तरी राहू. ज्ञानू सभेला निघाला होता, तो वाटेत थांबला. त्याची गाडीही आकारामच्याच जातीची, आणि पुढारीपणाच्या झोकात तिचाही सायलेन्सर काढलेला. शालूबाईनं धार काढून पेला पुढं केला.

"पी. भांडान येगळं, दूध येगळं."

ज्ञानूनं खाली मान घालून पेला रिकामा केला, किक मारली आणि धडधडत निघून गेला. शालूबाई पेला विसळायला वाकली होती. मान वर करून बघते तर कट्ट्यावर म्हैस न्हाई!

"हौशेऽऽ! आगं ए भवाने!"

पण त्या फटफटीपुढं आयुष्यात पहिल्यांदा शालूबाईचा आवाज हरला. काष्टा खोचून ती मागं पळाली. पुढं ज्ञानू, त्याच्या मागं डुलत हौशी. ज्ञानू चौकात थांबला की हौशी थांबायची, तो निघाला की निघायची. रस्त्यावरची माणसं हात हलवून ओरडत होती, "आवो, मागं बघा, मागं!" ज्ञानूला स्वतःच्या गाडीपुढं ऐकू काय येणार? त्याला वाटलं, काय ही लोकप्रियता! गडी एक हात सोडून सगळ्यांना नमस्कार करत गेला.

महापालिकेच्या दारात गाडी बंद झाली. दोनशे माणूस गोळा झालेलं. ज्ञानू छाती फुगवून भाषणाला तोंड उघडणार, एवढ्यात हौशीनं त्याच्या खांद्यावर ओलं नाक ठेवलं. पेंड पाहिजे होती तिला! असा हशा झाला म्हणता, महापौरबाईंसकट अख्खी सभा गॅलरीत आली.

चौकातला हवालदार केरबा धापा टाकत मागून आला होता. "बाईसाहेब, तीन चौक हिच्या मागनं आलोय. म्हशीनं कुणाला धक्का न्हाई दिला. पर ह्या गाडीच्या आवाजानं दोन सायकलवाले पडता पडता वाचले, आन टांग्याचं घोडं बुजलं त्ये येगळंच."

शालूबाई तोवर पोचली. तिनं आधी हौशीचं दावं धरलं, मग महापौरबाईंना हात जोडले. "मोकाट जनावर वाईटच, बाईसाहेब, त्ये मी बी म्हंतो. पर दावं माज्या हातात असल्यावर ही कुणाला काय करती? आमाला एक कोपरा द्या. त्याच्या भाईर पाऊल टाकलं तर मला सांगा."

दोन तास चर्चा झाली. ठराव दुरुस्त होऊन मंजूर झाला. मोकाट जनावरांना बंदी, कट्ट्याला चौकाच्या कडेला कठडा घातलेली जागा, मालकाविना म्हैस आणायची नाही. आणि शेवटचं कलम: शहरात बिनसायलेन्सरची गाडी चालवायची नाही. त्या कलमाला पहिला हात वर झाला ज्ञानूचा, कान लालबुंद करून. शालूबाई दारातच हौशीच्या गळ्यात पडून रडली आणि हसली.

दिवाळी पाडवा आला. हौशीची शिंगं रंगवली, मोरपिसं लावली, गळ्यात कवड्यांची माळ घातली. नियम म्हणजे नियम, म्हणून आकारामनं गाडीला सायलेन्सर बसवून घेतला होता. त्यानं किक मारली. गाडी मांजरागत गुरगुरली. हौशी जागची हलली नाही. पुन्हा मारली. छे! सगळी पेठ बघत होती, आकारामला घाम फुटला.

शालूबाईनं पदर खोचला, चपला काढल्या आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"हौऽऽशेऽऽऽ!"

हौशीनं कान टवकारले आणि ती उधळलीच. पुढं पन्नाशीची शालूबाई, मागं मोरपिसं हलवत हौशी, दोघी निघाल्या पळत. पोरांनी शिट्ट्या मारल्या, पैलवानांनी टोप्या उडवल्या. कडेला उभा असलेला ज्ञानू हसत ओरडला, "मावशी, सायलेन्सर लावायचा ठराव झालाय की गं!"

शालूबाईनं पळता पळताच मान वळवली. "त्यो गाडीला, ज्ञान्या! माज्या तोंडाला न्हाई!"