पाठ कोण बगणार?

करंजाड्याच्या त्या फ्लॅटमधे मला रोज स्टीलच्या गिलासात चहा मिळायचा. त्या दिवशी मॅडमनी कपबशीत दिला. बाजूला बिस्किटं. तवाच वळखलं, काय तरी मागायचं हाय.

"मावशी, ब्युरो सोडा," मॅडम बोलल्या. "तुम्ही आणि शबाना, दोघी डायरेक्ट आमच्याकडे या. ब्युरोवाली तुमच्या पगारातून कापते ते कशाला? सगळं तुमच्या हातात पडेल."

मी आया हाय. बिछान्यावरच्या पेशंटचं सगळं करते. अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं, डायपर. दिवसपाळी माझी, रातपाळी शबानाची. ती पनवेलची, माझ्या पोरीच्या वयाची. आमचा पेशंट मंजे मॅडमचे सासरे. एक अंग गेलेलं. बोलणं वाकडं झालं होतं, पण जीभ तिखट. मी त्यांना आजोबा बोलायचे, ते मला हवालदार.

ब्युरो मंजे काय ते सांगते. पनवेलला एका गाळ्यात पाटकरबाई बसते. घरवाले तिला फोन करतात, ती आमाला धाडते. आमच्या पगारातला वाटा ती घेते. बदल्यात तिचे नियम. आयानं पेशंटचंच काम करायचं, घरची भांडी नाय घासायची. आया आजारी पडली तर बदली बाई पाटकरबाई देणार. काय भांडण झालं तर घरवाल्यांनी तिच्याशी बोलायचं, आयाशी नाय. आणि एक नियम सगळ्यात कडक. पाळी बदलताना पाठ दाखवायची.

एका जागी पडून पडून माणसाची कातडी मरते. आधी लाल होते, मंग उघडते, मंग आत आत जाते. त्याला बेडसोर बोलतात. तवा जाणारी आया आणि येणारी आया, दोघींनी मिळून पेशंटला कुशीवर घ्यायचं. पाठ, कंबर, टाचा बगायच्या. येणारी 'बगितलं' बोलली, की मंगच जाणारीनं चपला घालायच्या. उद्या जखम निघाली तर कुणाच्या पाळीत झाली ते कळतं. आमची चूक नसली तर पाटकरबाई आमच्या वतीनं भांडते. भांडते मंजे चांगलीच भांडते.

मॅडमना मी बोलले, विचार करून सांगते.

कामोठ्याला मी आधी एकदा डायरेक्ट काम केलं होतं. एक आजी होती. पावण्यांनी तिला चादरीसकट ओढली, कंबरेला घासलं, जखम झाली. पावणे गावाला गेले, जखम माझ्या नावावर रायली. मी सांगत होते, पण माझ्या बाजूनं बोलायला कोण होतं? त्या बिल्डिंगमधे मंग कुणी मला दारात उभी केली नाय. बाजूच्या बिल्डिंगमधे पण नाय. तळोज्याला कंपनीत पॅकिंगला गेले, पावडरीच्या खात्यात. तिथला खोकला अजून हाय. लानपणी मिठागरात पाय फाटले, पुढं नवरा गेला, ते सगळं निभावलं. पण नाव गेलं की आया संपली. ते मला परत नको होतं.

शबानाला बिल्डिंगच्या गेटवर गाठलं.

"मावशी, हां बोलून टाका ना," ती बोलली. "पोरगी बारावीला हाय, तिला क्लास लावायचाय. एक ब्युरोची आणि एक डायरेक्ट, असं पाटकरबाई चालू देणार नाय. तुमी नाय बोललात तर माझं पण गेलं."

"आणि जखम झाली तर?"

"आपण दोघी बगतोच की रोज."

"दोघी आयाच ना आपण. आपल्या दोघींचं खरं कोण धरणार? पाटकरबाई मधे हाय, तवर धरतात."

शबाना आत जायला वळली. मंग बोलली, "तुमी काय ते ठरवा. पण माझ्या पोरीचं ध्यानात ठेवा."

मी लपवून काय करत नाय. सरळ पाटकरबाईच्या गाळ्यात गेले, सांगितलं.

"जायचंय तर जा," ती बोलली. "पण त्यांनी आवाज चढवला तर मला फोन करायचा नाही. आणि परत आलीस तर रांगेत शेवटी उभं राहायचं."

खोटं काय बोलली नाय ती.

रविवारी साहेब घरी होते. मॅडमचा नवरा, आजोबांचा एकुलता मुलगा. मी बोलले, "साहेब, ब्युरो सोडते. पण पाठ दाखवायचा नियम सोडणार नाय. रोज संध्याकाळी पाळी बदलताना घरातल्या माणसानं येऊन बगायचं. आमच्याबरोबर."

साहेब हसले. "मावशी, तुमच्यावर विश्वास आहे आमचा."

"विश्वास ठेवा. आणि बगायला पण या."

"अहो, बाबांना आवडणार नाही ते."

खरी अडचण ती होती. आयासमोर कपडे काढणं येगळं, पोरासमोर येगळं. आजोबांनी भिंतीकडं तोंड केलं. मी जवळ जाऊन बसले.

"आजोबा, कामोठ्याला मला एकदा हाकललंय. परत हाकलून घ्यायचं वय नाय माझं. तुमच्या पोरानं बगितलं तर मी रायले. नायतर उद्यापासून पाटकरबाई नवीन बाई धाडेल. ती कशी हाय मला ठाऊक नाय."

आजोबांनी तोंड माझ्याकडं वळवलं. मंग बोलले, "हवालदार, घे परेड."

संध्याकाळी शबाना आली. साहेब दारातच उभे, हात कुठं ठेवायचा ते कळत नवतं. आमी आजोबांना कुशीवर घेतलं. पाठ चांगली होती. टाचेवर थोडं लाल.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"सुरुवात. बोटानं दाबून बगा. लाल जात नाय ना? आज टाच उचलून ठेवली की थांबेल."

साहेबांनीच पायाखाली उशी सरकवली. तिरकी सरकवली, शबानानं नीट केली. आजोबा भिंतीकडं बगतच बोलले, "तुला खरूज झाली होती तेव्हा मी चोळायचो. किती बोंबलायचास." स्वयंपाकघरातून मॅडमचं हसणं ऐकू आलं.

तिथून रोज साहेब यायचे. उशीर असला तर मॅडम यायच्या. पयले नाक मुरडून, मंग नुसत्याच.

पुढं घरात लग्न निघालं. हळदीच्या दिवशी आमाला दोघींना सुट्टी दिली. आजोबांजवळ मॅडमची थोरली बहीण थांबली. तिनं चांगल्या मनानंच त्यांना खुर्चीत बसवलं, टीव्ही लावून दिला, आणि दिवसभर तिथंच ठेवलं. दुसऱ्या सकाळी मी कूस बदलली तर माकडहाडावर कातडी उघडलेली. मी लगेच सगळ्यांना बोलावलं.

बहीण बोलली, "ही आजची नाही हं. आया लोकांचं असंच असतं, लक्ष देत नाहीत."

कामोठ्याला पण असंच चालू झालं होतं.

साहेब बोलले, "परवा संध्याकाळी मी स्वतः पाहिलंय. तिथे काही नव्हतं."

"तू? तू कशाला पाहशील?"

"मी रोज बघतो."

आजोबा वाकड्या तोंडानं बोलले, "खुर्ची टोचत होती. दोनदा सांगितलं." बहीण मॅडमच्या खोलीत निघून गेली. डॉक्टर आले, मलम दिलं, जखम भरायला लई दिवस गेले. पण ती माझ्या नावावर लागली नाय.

आजोबा गेले तवा काम त्याच दिवशी संपलं. आयाचं तसंच असतं, पेशंट गेला की डबा उचलायचा. शबानाच्या पोरीचा क्लास तवर पुरा झाला होता. मी परत पाटकरबाईकडं गेले. तिनं बोलल्यासारखं रांगेत शेवटी उभं केलं. मी उभी रायले.

बाया मला विचारतात, ब्युरो सोडू का? मी बोलते, सोडा की. पण ब्युरोवाली करत होती ते काम आधी घरातल्या कुणाच्या तरी अंगावर टाका.

आता नव्या घरात कपबशीत चहा आला की मी आधीच विचारते, पाठ कोण बगणार? कुणी 'मी' बोललं तर डायरेक्ट. सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बगायला लागले, तर चहा पिते आणि पाटकरबाईला सांगते, तुझा वाटा काप.