गोधडी भिंतीवर, दादा एसीत

लग्नाचे, सासूचे, प्रवासाचे किस्से सगळ्यांच्याच घरी साठतात. आमच्याकडे एका गोधडीचे साठलेत! बाकीचे हसत हसत सांगतात. मी सांगायला लागले की माझं बीपी वाढतं. तरी ऐकाच.

गोधडी आईची. स्वतःच्या जुन्या साड्या आणि दादांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, शर्ट जोडून तिनं हातानं शिवलेली. आई गेल्यापासून दादा तीच पांघरून झोपायचे. दुसऱ्या कशात त्यांना झोपच लागत नाही. ते मुलुंडला माझ्या भावाकडे, दीपककडे राहतात. मी वाकोल्यात.

*

दीपकची बायको शिल्पा गोधडीला ‘चिंध्या’ म्हणायची. पाहुणे आले की कॉटखाली ढकलायची! मग घराच्या इंटीरियरचं काम काढलं. डिझायनर बाईंनी ती बघितली आणि किंचाळल्याच, “ओ माय गॉड, ही तर हॉलमध्ये हवी!”

झालं. चिंध्यांना रॉड आला, वर स्पॉटलाइट आला. दादांना मिळाला खोलीत एसी आणि गुळगुळीत कम्फर्टर.

दुसऱ्या दिवशी दादा मला फोनवर म्हणाले, “अगं, हे अंगावरून पळतं. मी झोपू की याला धरून बसू?”

*

दिवाळीच्या साफसफाईत दीपकनं ती ड्रायक्लीनिंगला टाकली. अरे, आई ती रिठ्याच्या पाण्यात भिजवून हलक्या हातानं धुवायची, गच्चीवर उलटी करून वाळवायची! हा शहाणा औषधाचा वास मारणारं प्लॅस्टिकचं पुडकं घेऊन आला.

दादांनी नाक लावलं. “हिला ॲडमिट केली होती काय रे?”

दीपक खो खो हसला. मला त्याच्या दोन कानाखाली वाजवाव्याशा वाटल्या.

*

एकदा शिल्पाच्या ऑफिसच्या मैत्रिणी आलेल्या. “वॉव, कुठून घेतली गं?”

“राजस्थान ट्रिपमध्ये!” माझ्यासमोर, तोंड वर करून! माझी आई परभणीची. तिनं आयुष्यात राजस्थान बघितलं नाही.

मी तोंड उघडणार तेवढ्यात कोपऱ्यातून दादा म्हणाले, “हो ना. मला पण तिथूनच आणलंय.”

*

त्या स्पॉटलाइटनं मधल्या निळ्या तुकड्याचा रंग पार उडाला. आई सहा डिसेंबरला दादरला अभिवादनाला जाताना नेसायची, त्या साडीचा तुकडा तो. मी शिल्पाला म्हटलं, “अगं, वाट लागली त्याची! उतरव आता, दादांना दे.”

“ताई, आता फेडेड लूकच चालतो ना.”

मी चहा अर्धा टाकून निघाले.

*

सगळ्यात जास्त डोकं फिरलं ते दादांना ताप आला तेव्हा. थंडी वाजून दात वाजत होते. सारखं एकच, “तिची गोधडी द्या रे.” दीपक एकावर एक ब्लँकेटं टाकत होता.

“अरे, दे ना काढून!” मी ओरडले.

“ताई, परत लावायला माणूस बोलवावा लागतो गं. रॉडचं फिटिंग नाजूक आहे.”

बापापेक्षा रॉड नाजूक! मी स्टूल ओढलं तर शिल्पा आडवी आली. म्हणाली, “तुमच्याकडे न्या त्यांना, मग काय हवं ते पांघरा.” न्यायला निघालेच होते मी. दादाच नको म्हणाले. माझ्या एका खोलीत सासू-सासरे, पोरं, आम्ही दोघं. त्यांना ते माहीत होतं.

*

आणि आता परवाचा किस्सा. दीपकच्या सोसायटीतल्या बायका घर बघायला आलेल्या, मीही होते. दादांनी खुर्ची भिंतीशी ओढली, बसले, आणि लोंबणारा काठ ओढून खांद्यावर घेतला. डोळे मिटले. किती दिवसांनी असे शांत दिसले म्हणून सांगू! बायका कुजबुजायला लागल्या.

शिल्पाचा चेहरा लाल. “दादा, हात नका लावू ना! डिस्प्लेची आहे ती!”

दादांनी डोळे उघडले. काठ सोडला नाही. त्याच भिंतीवर आईचा हार घातलेला फोटो, तिकडे बोट दाखवलं.

“दीपक, तुझ्या आईशेजारी अजून एक खिळा ठोकून ठेवलायस ना? मग आत्ताच टांग मला. निदान हिच्याजवळ तरी राहीन.”