फोनची अदलाबदल

वादाचा विषय आधी नीट मांडतो, कारण विषय न मांडता वाद घालणाऱ्याला मी वर्गात खाली बसवत असे. माझ्याकडे एका कंपनीचा फोन आहे. माझ्या मित्राकडे तिच्या प्रतिस्पर्धी कंपनीचा आहे. दोन्ही आम्ही एकाच दिवाळीत घेतले. त्यांपैकी चांगला कोणता, यावर आम्ही चार वर्षे दर शनिवारी भांडलो. हा वाद मी जिंकलो. मित्र लालबागला त्याच्या घरीच असतो, पण शनिवारी येत नाही. त्याच्या न येण्याला मी कारण आहे, आणि ते कसे घडले हे क्रमाने लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

गिरगावातल्या एका शाळेत आम्ही दोघांनी एकोणतीस वर्षे शिकवले. मी विज्ञान, तो चित्रकला. तो फळ्यावर कंपासशिवाय वर्तुळ काढत असे. मुले टाळ्या वाजवत. माझा टाळ्यांवर विश्वास नसल्यामुळे एकदा त्याचा तास संपल्यावर मी दोरी घेऊन गेलो आणि ते वर्तुळ मध्यापासून चार ठिकाणी मोजले. दोरी कुठेही कमी पडली नाही की उरली नाही. हे मी त्याला बरीच वर्षे सांगितले नव्हते.

निवृत्तीनंतर आम्ही शनिवारी दुपारी चार वाजता शाळेजवळच्या जुन्या उपाहारगृहात भेटू लागलो. मी ठाकुरद्वाराहून चालत येई, तो लालबागहून बसने. आमच्याच शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई प्रभादेवीहून येत. टेबल ठरलेले होते. थालीपीठ ठरलेले होते. फोन आल्यापासून वादही ठरून गेला.

मी त्यासाठी एक वही घातली होती. उजव्या पानावर तक्ता: बॅटरी किती तास पुरली, मागच्या खोलीत रेंज येते का, उन्हात पडद्यावरचे वाचता येते का, आवाज, कॅमेरा. प्रत्येकी दहापैकी गुण. डाव्या पानावर निरीक्षणे. मित्राला या वहीचा फार राग येई.

"काय प्रयोगशाळा, आज काय उकळतंय?" तो आल्या आल्या विचारायचा. मला तो याच नावाने हाक मारी.

"तुझ्या फोनची बॅटरी," मी म्हणे. "काल रात्री दहाला तू फोनवर दिसेनासा झालास. माझा सकाळपर्यंत चालू होता."

"तुझा फोन अगदी तुझ्यासारखा आहे. विचारल्याशिवाय कशाला हात लावू देत नाही."

"आणि तुझा तुझ्या वर्गासारखा. कोण कुठे बसलंय, ते तुलाच ठाऊक नाही."

"दोघांचं थालीपीठ गार झालंय," बाई म्हणत, "एवढं मी आत्ता सिद्ध करून दाखवते."

त्याच्या फोनचा एक गुण मात्र मला खोडता येत नव्हता. त्या फोनच्या पोटात एक बारीक पेन होते. कोपऱ्यात दाबले की ते वर येई आणि त्याने पडद्यावर चित्र काढता येई. फोन त्याने त्या पेनासाठीच घेतला होता. मी बॅटरीवर बोलत असताना तो मान खाली घालून बसे, आणि माझे बोलणे संपेपर्यंत माझे चित्र तयार असे: बोट वर, चष्मा नाकावर, पाठीमागे फळा. ते तो तिथेच आम्हाला पाठवून देई. "हे तुझ्या फोनवर काढून दाखव," एवढाच त्याचा युक्तिवाद. पेनच्या रकान्यात माझ्या फोनपुढे मला शून्य लिहावे लागे.

आता मागच्या वर्षाकडे येतो. पुढे लिहिलेल्या सर्व गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर घडल्या आणि मी त्यांचा अर्थ लावला नाही.

पहिली गोष्ट, त्याने पेन काढणे बंद केले. मी विचारले तेव्हा म्हणाला, हरवले. नवीन मिळते, मी सांगितले. "बघू," तो म्हणाला. मी वहीत लिहिले: पेन हरवण्याजोगे असणे हा दोष, दोन गुण वजा.

दुसरी गोष्ट चहाची. आयुष्यभर बशीत ओतून चहा पिणारा माणूस पियूष मागवू लागला, आणि तोही पेला टेबलावरच ठेवून नळीने पिऊ लागला. बाईंनी एकदा त्याच्याकडे जरा वेळ पाहिले होते, हे मला आठवते. मी पाहिले नाही.

तिसरी गोष्ट हयातीच्या दाखल्याची. आम्हा पेन्शनरांना दर नोव्हेंबरमध्ये आपण जिवंत असल्याचे कळवावे लागते. त्या शनिवारी तो मोठ्या उत्साहाने सांगत होता, "बँकेत जायला नको, सही करायला नको. फोनसमोर तोंड धरलं, झालो मी जिवंत. तुझ्या फोनला जमतं का?" माझ्या फोनलाही जमत होते. मी तिथल्या तिथे करून दाखवले आणि बरोबरी नोंदवली. तो सहीबद्दल बोलत होता, हे माझ्या लक्षातही आले नाही.

त्यानंतर फोटो. पूर्वी तो आठवीच्या मुलांना खोताच्या वाडीत रेखाटनाला नेत असे. लाकडी कठडे, जिने, खिडक्यांवरची नक्षी. एका दुपारी तो तिथे एकटाच गेला आणि त्याने आम्हाला पाच-सहा फोटो पाठवले. सगळे अस्पष्ट होते. कठड्याची प्रत्येक पट्टी दोनदा दिसत होती.

शनिवारी मी ते फोटो मोठे करून टेबलावर ठेवले. "कॅमेऱ्याला किती गुण देऊ, तूच सांग."

तो हसला. "शून्य दे. कॅमेरा बिघडलाय माझा. तुझाच चांगला."

चार वर्षांत अर्ध्या गुणासाठी तास-तास भांडणारा माणूस एका वाक्यात पूर्ण विषय सोडून देत होता. मला त्या क्षणी काळजी वाटायला हवी होती. मला वाटली ती वेगळीच गोष्ट: विजय रीतसर झाला नाही. बिघडलेल्या कॅमेऱ्याशी तुलना होऊ शकत नाही, आणि बिघाड आहे की नाही हे तरी कोणी तपासले आहे?

"असं नाही चालणार," मी म्हणालो. "तू मान्य केलंस म्हणजे सिद्ध झालं नाही."

"अरे मेल्या, हरलो म्हणतोय मी. लिही तुझ्या वहीत."

"लिहायला पुरावा लागतो."

"सर, पुरे करा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. मी थांबलो नाही.

एका वेळी एकच घटक बदलायचा, बाकीचे समान ठेवायचे. हा नियम मी हजारो मुलांच्या प्रयोगवह्यांत तपासला आहे. समोरच्या भिंतीवर पदार्थांची यादी लिहिलेला फळा होता. तिथे उजेड कमी होता, त्यामुळे परीक्षा कठीण होणार होती आणि मला तशीच हवी होती. दोघांनी एकाच खुर्चीवरून, दोन्ही फोनांनी, एकेक फोटो काढायचा. एकूण चार फोटो.

आधी मी काढले. माझ्या फोनने काढलेला स्वच्छ आला. त्याच्या फोनने काढलेलाही तितकाच स्वच्छ आला. साबुदाणा वड्यासमोरचा पुसट आकडासुद्धा वाचता येत होता. त्याच्या कॅमेऱ्यात काहीही बिघाड नव्हता.

मग तो बसला. त्याने माझा फोन घेतला, दोन्ही कोपरे टेबलावर रोवले आणि डाव्या हाताने उजवे मनगट पकडले.

"हात टेकवायचे नाहीत," मी म्हणालो. "मी टेकवले नव्हते. अट समान हवी."

त्याने माझ्याकडे पाहिले. तो उठून गेला असता तर चालले असते, शिवी दिली असती तरी चालले असते. पण परीक्षेला बसल्यावर पेपर अर्धवट टाकून जाऊ नये, हे आम्ही दोघांनी इतकी वर्षे मुलांना सांगितले होते. त्याने कोपरे उचलले.

त्याने काढलेले दोन्ही फोटो मी टेबलावर शेजारी शेजारी लावले. फळ्यावरचे प्रत्येक अक्षर दुहेरी झाले होते, माझ्या फोनवरही.

निरीक्षणानंतर अनुमान मोठ्याने वाचायचे, ही माझी वर्गातली पद्धत. मी वाचले, "म्हणजे दोष फोनमध्ये नाही."

वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर मला त्याचा उरलेला अर्धा भाग ऐकू आला. तो कोणी उच्चारला नाही. बाई खिडकीकडे पाहत होत्या. त्याने दोन्ही हात टेबलाखाली नेले होते. त्याचा फोन अजून माझ्या हातात होता आणि माझा अंगठा त्याच्या कोपऱ्यावर होता. अंगठा नकळत दाबला गेला आणि पेन वर आले. ते हरवले नव्हते. जागेवरच होते.

"झालं सिद्ध?" त्याने विचारले. त्याने फोन घेतला. शर्टाच्या खिशात टाकताना पहिल्या वेळी तो खिशाबाहेर टेकला. दुसऱ्या वेळी आत गेला. "चला, माझी बस आहे," तो म्हणाला आणि निघाला. त्याच्या पेल्यात अर्धे पियूष शिल्लक होते.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या शनिवारी मी उपाहारगृहात न जाता लालबागला गेलो.

दार वहिनींनी उघडले. तो झोपला होता, म्हणून त्या मला बाहेर गॅलरीत घेऊन बसल्या. परळच्या डॉक्टरांनी निदान केल्याला दीड वर्ष झाले होते. गोळ्यांनी कंप थोडा दबतो, जात नाही, वाढत जातो. मुलीखेरीज कोणालाही सांगायचे नाही अशी त्याने त्यांना शपथ घातली होती.

"आम्ही दोघी दिवसभर त्यांच्या हातांकडेच बघतो," वहिनी म्हणाल्या. "बघायचं नाही म्हटलं तरी नजर जाते. शनिवारी निघताना म्हणायचे, तिथे माझ्या हाताकडे कोणी बघत नाही, सगळे फोनकडे बघतात. तेवढे दोन तास बरे जायचे त्यांचे."

मी काय केले ते मी त्यांना सांगितले. त्यांनी आतले दार हळूच ओढून घेतले. मग म्हणाल्या, "तुम्हाला कुठे माहीत होतं, भावजी." हे उत्तर चूक होते. माहीत करून घेण्याची साधने माझ्याकडे त्या टेबलावरच्या कोणाहीपेक्षा अधिक होती.

तो उठल्यावर मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. येताना बसमध्ये मी एक वाक्य तयार केले होते. "माझा फोन चार दिवस भयंकर गरम होतोय," मी म्हणालो. "तुझा होत नाही ना?"

"खोटं बोललास की तुझे कान लाल होतात. शाळेतल्या शिपायालाही माहीत होतं."

"खरंच होतोय."

"आण इकडे."

त्याने माझा फोन दोन्ही हातांत धरून मांडीवर दाबून ठेवला. तरी तो हलत होता. थोड्या वेळाने त्याने तो परत केला. "गार आहे," तो म्हणाला. "ग्रेस मार्क मी कधी कोणाला दिले नाहीत. तू मला देऊ नकोस."

"तुझ्या फोनला पेन आहे," मी म्हणालो. "त्या रकान्यात मला अजून शून्यच आहे."

"तुझाच चांगला आहे, रे," तो म्हणाला आणि वहिनींना हाक मारून त्याने माझ्यासाठी चहा करायला सांगितले. स्वतःसाठी सांगितले नाही. मी पुन्हा शनिवारचा विषय काढला, तेव्हा त्याने टीव्ही लावला.

या गोष्टीला सात महिने झाले. बाई आणि मी अजून भेटतो. फोन पिशवीतून काढत नाही, त्यामुळे बोलायला फारसे काही नसते. वही माझ्या कपाटात आहे. परवा मी ती पहिल्या पानापासून वाचली. चार वर्षांची निरीक्षणे आहेत, तारीखवार, सुवाच्य अक्षरात. त्याच्या हाताविषयी त्यांत एकही ओळ नाही. मुलाने अशी प्रयोगवही आणली असती तर मी ती परत केली असती.

रोज सकाळी मी त्याला माझ्या फोनविरुद्ध एक तक्रार लिहून पाठवतो. पडदा अडकला, घंटी वाजली नाही, अक्षरे बारीक दिसतात. तक्रार खोटी असते आणि ते त्याला ठाऊक असते. पूर्वी अशा एका ओळीला त्याचे वीस ओळींचे उत्तर आले असते आणि त्याखाली माझे चित्र. आता अंगठ्याची खूण येते, कारण तिला एकदाच बोट लावावे लागते. पहिले काही महिने एकच येत असे, मग बोट एकदा लागून थांबेना तशा दोन-तीन येऊ लागल्या. काल सकाळी मी लिहिले की माझ्या फोनचा कॅमेरा बिघडला आहे. दुपारी उत्तर आले: अंगठ्यांची ओळ, एकाला लागून एक. मी ते मोजले. अकरा होते.