चिमाजी सरांचं देवक

चिमाजी सर गेल्याचं आज सकाळी पूजा आटोपताना कळलं. जोडलेले हात तसेच राहिले. त्यांची एक गोष्ट या वहीत लिहायची राहून गेली आहे.

साल शहाण्णव. आमची सृष्टी सहावीत होती. द्वारका चौकाजवळच्या तिच्या शाळेत सर इतिहास शिकवायचे. लढाईत शिरस्त्राणाआड चेहरा दिसत नसे, म्हणून परदेशातले सरदार ढालीवर घराण्याची खूण रंगवत. कुणाचा सिंह, कुणाचा गरुड, ते त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. मग म्हणाले, "तुमच्याही घराला खूण आहे. लग्नात पुजतात ते देवक. घरी विचारा आणि पुठ्ठ्याच्या ढालीवर काढून आणा."

आमचं देवक कळंब. त्याची फांदी आम्ही तोडत नाही, लाकूड चुलीत घालत नाही. सृष्टीने मन लावून काढला. ढाल परत आली तेव्हा कळंबावर लाल शाईची भली मोठी फुली! खाली शेरा, 'फूल चेंडूसारखं गोल हवं.'

दुसऱ्या दिवशी ढाल पदराखाली झाकून शाळा गाठली.

मुख्याध्यापक चिमाजी सरांवरच घसरले. "पुस्तकात नाही ते शिकवायची तुमची हौस दांडगी! ताई, तक्रार लिहून द्या, हा धडा आजपासून बंद." कोरा कागदही पुढे सरकवला.

सरांनी ढाल दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावली. "चुकलं, ताई. हातात लाल पेन आलं की नुसतं चित्र दिसतं."

"तुमच्या देवकावर मारली असती का अशी फुली?" मी फटकन बोलले.

"आमचं कोणतं, तेच ठाऊक नाही," ते हळू म्हणाले. "वडील पोरवयात एकटेच मालेगावला कापडाच्या मागावर कामाला आले. सांगणारं मागे कुणी उरलं नाही. माझ्या लग्नात भटजींनी विचारलं, तर मांडवात सगळे गप्प. शेवटी दारच्या आंब्याची डहाळी बांधली. या पोरांवर ती वेळ येऊ नये, एवढंच."

मी कागद कोराच परत दिला.

धडा चालू राहिला. सर शेरे मात्र ढालीच्या मागच्या बाजूला, पेन्सिलीने लिहू लागले.

दोन हजार चारमध्ये त्यांच्या मुलाच्या, अमितच्या लग्नाला आम्ही गेलो होतो. भटजींनी विचारलं, "देवक कोणतं?" सर काही बोलायच्या आत अमितच म्हणाला, "आंबा."

सर डहाळीपुढे हात जोडून बराच वेळ उभे होते.