‘हो’च्या पुढचं मराठी

नोकरीत असताना मास्तरकडे किस्से साठत नाहीत, कारण तेव्हा आपणच बोलत असतो! रिटायर झालं की लोक बोलायला लागतात आणि आपल्याला ऐकून घ्यावं लागतं. मी डहाणूत, मसोलीला राहतो. दर रविवारी सकाळी आठ वाजता मोबाइलवर परदेशातल्या पाच मुलांना मराठी शिकवतो. सगळी डहाणूकरांची नातवंडं. पण आजचे किस्से त्यातल्या एकीचे, केयाचे. वय अकरा, मुक्काम मेलबर्न.

*

केयाचे आजोबा म्हणजे आमचे नाना. चिकूची मोठी वाडी, बायको गेल्यापासून घरात एकटे. एकदा टोपलीभर चिकू घेऊन माझ्या दारात आले. खुर्ची दिली तरी बसेनात.

"मास्तर, नात दर रविवारी फोन करते. मी विचारतो, जेवलीस का? ती म्हणते, हो. अभ्यास झाला का? हो. बरी आहेस ना? हो. इतकी वर्षं हेच चाललंय!"

मी हसलो. नाना हसले नाहीत.

"माझे कान चाललेत. डावा संपला, उजवा वर्षभर काढेल म्हणतात. तेवढ्यात तिला 'हो'च्या पुढचं शिकवा."

*

केयाचा बाप मंदार माझाच विद्यार्थी. क्लास सुरू होण्याआधी मी त्याला फोनवर झापलं, "अरे, घरात पोरीशी मराठी बोलायला काय धाड भरली होती तुला?"

तो म्हणाला, "सर, नववीत तुम्हीच मला उभं केलं होतं. म्हणालात, इंग्लिश बोलायला शीक, नाहीतर चारोटी नाक्याच्या पुढे जाणार नाहीस."

मला ते आठवत नव्हतं. पण वाक्य माझंच होतं, कारण दरवर्षी कोणाला ना कोणाला मी ते ऐकवायचो. हेतू चांगला होता, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. तरी लाज वाटायची ती वाटलीच.

*

पहिल्या तासाला मी पहिलीचं पुस्तक काढलं. बदक, बगळा, बैल. केयानं दहा मिनिटं ऐकलं आणि तिच्या इंग्रजीत शांतपणे म्हणाली, "सर, मला नानांशी बदकाबद्दल नाही बोलायचं."

"मग काय बोलायचंय?"

"त्यांना राग कधी येतो? भीती कशाची वाटते?"

चाळीस वर्षं शिकवलं, पण असा अभ्यासक्रम मला कोणी दिला नव्हता! मी पुस्तक मिटलं. पुढच्या रविवारपासून तिचा वेगळा तास नानांच्या वाडीतूनच घ्यायला लागलो, मोबाइल हातात धरून, झाडाखाली उभा राहून.

*

वाडीत चिकू निवडायला जमनाबाई येते, तलासरीकडच्या उधवा गावची. घरात बोलते ती वारली बोली, मराठी शिकली ती बाजारात. हात चालू ठेवून ती आमचा तास ऐकायची. एकदा मी तिला म्हटलं, "बघ, माणूस लांब गेला की भाषा कशी सुटते!"

"आमची तर उधव्यातनं डहाणूला येईस्तोवरच सांडते, मास्तर. विमान कशाला पाहिजे?"

मग म्हणाली, "पोरगी होस्टेलातून आली का माझ्याशी मराठीच बोलते. मंग आमची बोली मी बोलू कोणाशी? कोंबड्यांशी?"

ती हसली. मला हसता आलं नाही. तिच्या पोरीलाही माझ्यासारखाच कोणी मास्तर भेटला असणार.

*

चार महिन्यांनी केयानं पहिला स्वतःचा प्रश्न विचारला. नानांनी फोन उजव्या कानाला दाबून धरला होता.

"नाना, तुम्हाला कशाची भीती वाटते?"

"वटवाघळांची! सगळे चिकू खातात!"

ती खळखळून हसली. फोन ठेवल्यावर नाना मला म्हणाले, "खोटं बोललो, मास्तर. खरं सांगितलं असतं तर तिनं पुढचं विचारलंच नसतं."

*

डिसेंबरात केया सुट्टीला आली. तोवर नानांचा उजवा कानही जवळजवळ गेला होता; फोनवर आता तेच अंदाजानं 'हो, हो' म्हणायचे. मंदारनं केयाला न सांगता कानाचं मशीन पाठवलं होतं, पण शिट्टी मारतं म्हणून नानांनी ते दोन दिवसांत कपाटात टाकलं. एकट्या घरात ऐकायचं तरी कोणाचं! आणि आता नातीसमोर बहिरं ठरायचं त्यांच्या जिवावर आलं. मला बजावलं, "तिला सांगायचं नाही." मीही मान डोलावली.

दुपारी वाडीत जमनाबाई चिकू निवडत होती. नाना बाजेवर, मी शेजारी. केया त्यांच्या पायाशी बसली आणि बोलायला लागली. शाळा बदलली, जवळची मैत्रीण दुरावली, डबा एकटीच खाते, आईला अजून सांगितलेलं नाही. मध्ये अडली, पुन्हा जुळवलं, पण सगळं मराठीत. अर्धा तास! नाना तिच्या तोंडाकडे बघत होते आणि हसून मान हलवत होते. तिला रडू आलं तेव्हाही ते हसतच होते.

केया थांबली. माझ्याकडे वळली. "सर, माझं मराठी चुकतंय का? नानांना कळतच नाहीये."

माझ्यानं राहवलं नाही. "नाही बाळ. एकही शब्द चुकली नाहीस. नानांना ऐकू येत नाही."

"काय म्हणते ती?" नानांनी विचारलं.

जमनाबाईनं हातातला चिकू खाली ठेवला, स्वतःच्या कानाला बोट लावलं आणि तेच बोट केयाच्या ओल्या गालाकडे दाखवलं.

नाना उठले. घरात गेले. बऱ्याच वेळानं बाहेर आले तेव्हा कानात मशीन होतं, वाकडं बसलेलं, शिट्टी मारत. बाजेवर न बसता ते केयाच्या समोर, जमिनीवर बसले.

"हं," म्हणाले. "आता बोल. पहिल्यापासून."